मोरॉन: समितीत जन्मलेली शिवी

शिव्यांना सहसा जन्मतारीख नसते. माणसाला पहिल्यांदा 'गाढव' कोण म्हणालं, 'बावळट' हा शब्द कुठल्या पारावर जन्मला, हे कुणाला सांगता येणार नाही. इंग्रजीतल्या 'मोरॉन'चं मात्र सगळं नोंदलेलं आहे. साल १९१०, देश अमेरिका, जनक हेन्री हर्बर्ट गोडार्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ, आणि बारशाला जमलेली मंडळी म्हणजे मंदबुद्धी माणसांसाठीच्या संस्था चालवणारे डॉक्टर आणि अधीक्षक. आता हा शब्द आपल्याकडच्या कॉलेजच्या कट्ट्यावरही सर्रास ऐकू येतो. एकेकाळी तो वैद्यकाच्या पुस्तकातली प्रतिष्ठित संज्ञा होता, हे फेकणाऱ्याच्या गावीही नसतं. माझ्या मते या शब्दाने जे काही वाईट केलं ते शिवी होण्याआधी, तो प्रतिष्ठित होता तेव्हाच केलं.

त्याआधी इंग्रजी वैद्यकाकडे दोन जुने शब्द होते. पहिला 'इडियट'. ग्रीकमध्ये 'इडिओटेस' म्हणजे मूर्ख नव्हे. सार्वजनिक कारभारात नसलेला, आपल्यापुरतं पाहणारा खाजगी माणूस, किंवा एखाद्या विद्येत न शिकलेला सामान्यजन, एवढाच त्याचा अर्थ. अडाणीपणाकडून मूर्खपणाकडे तो हळूहळू घसरला. दुसरा 'इम्बेसाइल'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दुबळा, आणि तो दुबळेपणा शरीराचाही असू शकत असे. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी आणि कायदेपंडितांनी हे दोन्ही शब्द बुद्धीच्या कमतरतेसाठी राखून ठेवले. कायद्यात तर ते फार काळ टिकले. आपल्याच १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वधू किंवा वर लग्नाच्या वेळी 'इडियट' नसावा, अशी अट याच शब्दात लिहिलेली होती. ती भाषा बदलली १९७६ च्या दुरुस्तीत.

अडचण तिसऱ्या पायरीची होती. ज्याला स्वतःचं जेवणखाणही जमत नाही तो पहिल्या वर्गात, ज्याला थोडंफार जमतं तो दुसऱ्या वर्गात. पण जो बोलतो, चालतो, कामही करतो, फक्त शाळेत मागे पडतो, त्याला काय म्हणायचं? अमेरिकेत 'फीबल-माइंडेड', म्हणजे दुर्बळ बुद्धीचा, हा शब्द या वरच्या पायरीसाठीही वापरत आणि तिन्ही पायऱ्यांना मिळूनही वापरत. त्यामुळे एक डॉक्टर कुणाबद्दल बोलतोय हे दुसऱ्याला कळत नसे.

गोडार्ड न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या अशाच एका निवासी शाळेत १९०६ पासून संशोधन संचालक होते. क्वेकर घराण्यात १८६६ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी कॅलिफोर्नियात एका विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षकही होता. मग मानसशास्त्रात डॉक्टरेट, काही काळ मास्तरकी, आणि मग व्हाइनलँड. तिथल्या मुलांवर त्यांचा जीव होता, हे त्यांच्या टीकाकारांनीही नाकारलेलं नाही. पण मुलांची प्रतवारी कशाने करावी हे त्यांना सुचत नव्हतं. १९०८ साली युरोपच्या दौऱ्यावर असताना त्यांना ते उत्तर सापडलं. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी तयार केलेली चाचणी त्यांनी उचलली, इंग्रजीत आणली आणि अमेरिकाभर पोहोचवली.

बिने यांचा हेतू साधा होता. फ्रेंच शिक्षण खात्याला, कोणत्या मुलांना वेगळं शिकवण्याची गरज आहे, हे हुडकायचं होतं. १९०५ ची त्यांची चाचणी ३० प्रश्नांची होती आणि १९०८ मध्ये त्यांनी ते प्रश्न वयानुसार लावले. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमतं ते जमलं, तर मानसिक वय सहा. हा आकडा म्हणजे मुलाची जन्मजात मर्यादा नव्हे, सराव केला तर बुद्धी वाढते, असं बिने बजावत राहिले. त्यासाठी त्यांनी वर्गात करायचे व्यायामही तयार केले होते. १९११ साली ते वारले. गोडार्ड यांनी चाचणी घेतली, इशारा घेतला नाही. मेंडेलचे अनुवंशाचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. वाटाण्याचा उंच-बुटकेपणा जसा एका घटकाने ठरतो तशीच मंदबुद्धीही एकाच घटकातून पुढच्या पिढीत उतरते, अशी त्यांची खात्री झाली.

तर १९१० साली अशा संस्था चालवणाऱ्यांच्या संघटनेच्या वार्षिक बैठकीत गोडार्ड यांनी मोजपट्टीच पुढे ठेवली. मानसिक वय दोन वर्षांपर्यंत तो इडियट, तीन ते सात तो इम्बेसाइल, आणि आठ ते बारा हा नवा वर्ग. त्याला शिळा, दुहेरी अर्थाचा शब्द नको म्हणून त्यांनी ग्रीककडे हात पसरला. 'मोरोस' म्हणजे मंद, बोथट, मूर्ख. त्याचंच नपुंसकलिंगी रूप 'मोरॉन'. काही भाषाभ्यासकांनी या मोरोसचं नातं वैदिक संस्कृतातल्या 'मूर' या शब्दाशी जोडलं आहे. ते सगळ्यांना मान्य नाही, आणि नुसत्या उच्चारावरून आपल्या 'मूर्खा'ला त्यात ओढणं तर साफ चूक, कारण मूर्ख हा 'मुह्' धातूच्या कुळातला.

मोरोसची दुसरी नातवंडं युरोपात आधीपासून नांदत होती. 'ऑक्सिमोरॉन' म्हणजे विरोधाभासी शब्दांची जोडी. त्यात 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण आणि मोरोस म्हणजे बोथट, त्यामुळे तो शब्द स्वतःच स्वतःचं उदाहरण ठरतो. इरॅस्मसने आपला मित्र टॉमस मोर याच्या आडनावावर कोटी करत मूर्खपणाची स्तुती गाणारा ग्रंथ लिहिला. तो १५११ मध्ये छापला गेला, आणि त्याच्या शीर्षकात हेच मूळ आहे. मोलिएरच्या १६६४ च्या एका नाटकातल्या विदूषकाचं नाव तर सरळ 'मोरॉन' आहे. इतकी शतकं हे मूळ विनोदाच्या प्रांतात सुखाने राहिलं होतं. गोडार्ड यांनी त्याला तिथून उचलून दवाखान्यात आणलं.

आपल्याकडे अशा पायऱ्यांसाठी बोलीभाषेत शब्दांची कमी कधीच नव्हती. मठ्ठ, ठोंब्या, बथ्थड, अर्धवट, आणि शाळेचा खास 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून नागरीपर्यंत सगळी अक्षरं बदलली, एकटा ढ होता तसाच राहिला, म्हणून पुढे न सरकणारा विद्यार्थी ढ, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. खरीखोटी कशी असेल ती असो, सांगणारा ढ नव्हता. पण या शब्दांना हद्दी नाहीत. मास्तरांनी 'ढ' म्हटलेला पोरगा पुढच्या वर्षी पहिला येऊ शकतो आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. मोरॉनला हद्द होती, तीही आकड्यात.

आणि ती हद्द भलत्याच ठिकाणी पडली होती. कोणत्या मानसिक वयाचा माणूस कुठलं काम करू शकतो, याचा तक्ता व्हाइनलँडमध्ये तयार झाला. त्यात बारा वर्षांच्या मानसिक वयाचा 'वरच्या दर्जाचा मोरॉन' यंत्रं चालवू शकतो आणि देखरेखीशिवाय जनावरं सांभाळू शकतो. त्याला फक्त पुढचा बेत आखता येत नाही, असं म्हटलेलं होतं. या मापाने अर्धा गाव मोरॉन ठरला असता. गोडार्ड यांना नेमकी हीच भीती वाटत होती. इडियट कुणालाही ओळखू येतो. मोरॉन मात्र दिसायला चारचौघांसारखा, लग्न करतो, त्याला मुलं होतात, आणि समाजाला पत्ताच लागत नाही. म्हणजे या वर्गाचं मुख्य लक्षणच असं की तो ओळखू येत नाही. तो ओळखण्यासाठी तज्ज्ञ लागतो आणि तज्ज्ञाला चाचणी लागते. एका शब्दातून एक आख्खा पेशा उभा राहिला.

डेबोरा हे या वर्गाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. हे तिचं पुस्तकातलं नाव. आठ वर्षांची असताना ती व्हाइनलँडला आली. ती उत्तम भरतकाम करी, लाकडी फर्निचर बनवी, कॉर्नेट वाजवी, पण अंकगणितात आणि वाचनात मागे होती. चाचणीने तिला मोरॉन ठरवलं. गोडार्ड यांच्या एका मदतनीस बाईंनी गावोगाव फिरून तिच्या पूर्वजांची माहिती गोळा केली. कितीतरी नातेवाइकांची बुद्धी त्यांनी नुसत्या नजरेने किंवा शेजाऱ्यांच्या ऐकीव गोष्टींवरून ठरवली. त्यातून १९१२ मध्ये 'द कॅलिकॅक फॅमिली' हे पुस्तक निघालं. कॅलिकॅक हे आडनावही गोडार्ड यांनीच ग्रीकमधून घडवलेलं. 'कालोस' म्हणजे चांगला आणि 'काकोस' म्हणजे वाईट. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या एका शिपायाचा खाणावळीतल्या एका मंदबुद्धी मुलीशी संबंध आला. त्या शाखेत ४८० वंशज आणि त्यातले १४३ मंदबुद्धी. पुढे त्याच शिपायाने एका सद्गुणी घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं. त्या शाखेत ४९६ वंशज, आणि जवळजवळ सगळे सुस्थित, आदरणीय. गोष्ट इतकी नीटनेटकी होती की तिच्यावर संशय यायला हवा होता. तो आला नाही. पुस्तक तडाखेबंद खपलं, त्याचं जर्मन भाषांतर झालं आणि नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते भाषांतर पुन्हा छापलं गेलं. पुढे वंशावळी तपासणाऱ्या संशोधकांना आढळलं, की खाणावळीतल्या संबंधातून जन्मला असं सांगितलेला तो मुलगा मुळात भलत्याच एका विवाहित जोडप्याचा होता. म्हणजे दोन्ही शाखांना जोडणारा दुवाच खोटा. डेबोरा १९७८ साली वारली, तोवर ती संस्थांमध्येच राहिली. ऐंशीहून जास्त वर्षं.

मग एलिस आयलंड. युरोपातून बोटींनी आलेले लोक न्यूयॉर्कच्या या बेटावर उतरत. गोडार्ड १९१२ मध्ये तिथे गेले. गर्दीतून एक तरुण त्यांनी नजरेने हेरला आणि दुभाष्यामार्फत त्याची परीक्षा घेतली. मानसिक वय आठ निघालं. दुभाष्या म्हणाला, मी या देशात आलो तेव्हा मलाही हे जमलं नसतं. मंडळींनी उलट दुभाष्याचीच समजूत घातली. पुढच्या वर्षी त्यांच्या मदतनीस स्त्रिया तिथे बसून पद्धतशीर चाचण्या घेऊ लागल्या. तीन मिनिटांत ६० शब्द सांगा. कागदावरची आकृती क्षणभर दाखवली, आता ती आठवून काढा. समोर कोण, तर आठवडाभर बोटीच्या तळात हिंदकळून आलेली, घाबरलेली, कदाचित जन्मात पेन्सिल हातात न धरलेली माणसं. १९१७ मध्ये छापलेले निकाल असे: मंदबुद्धी ठरलेले ज्यू ८३ टक्के, हंगेरियन ८०, इटालियन ७९, रशियन ८७. नमुना अगदी छोटा, प्रत्येक गटात काही डझन माणसं, आणि उघड हुशार दिसणारे आधीच वगळलेले. खुद्द गोडार्डही या आकड्यांनी चक्रावले. त्यांनी निकष थोडे सैल करून पाहिले, आकडे बरेच खाली आले, तरी ते जास्तच होते. चाचणी मुळात काय मोजतेय, हा प्रश्न मात्र त्यांनी विचारला नाही.

तो प्रश्न विचारायला भाग पाडलं सैन्याने. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख जवानांची बुद्धिचाचणी घेतली. तिची आखणी करायला रॉबर्ट यर्क्स, लुईस टर्मन आणि गोडार्ड या मानसशास्त्रज्ञांची समिती १९१७ च्या मे महिन्यात व्हाइनलँडलाच बसली होती. निकाल आला, गोऱ्या जवानांचं सरासरी मानसिक वय १३. मोरॉनची हद्द बारावर संपत होती, म्हणजे अमेरिकेचा सरासरी नागरिक मोरॉनपणाच्या उंबऱ्यावर उभा! काही विद्वान यावरून लोकशाहीचं कसं होणार म्हणून चिंतेत पडले. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ मध्ये लेखमाला लिहून सरळ हिशेब मांडला. प्रौढांची सरासरी बुद्धी ही प्रौढांच्या सरासरी बुद्धीपेक्षा कमी असूच शकत नाही. सरासरी मंद निघाली, तर पट्टीच चुकलेली आहे.

पण तोवर पट्टी न्यायालयात पोहोचली होती. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये कायदा केला, की सरकारी वसाहतीतल्या मंदबुद्धी माणसांची सक्तीने नसबंदी करता येईल. कायदा टिकतो का हे बघायला निवडलं कॅरी बक या अठरा वर्षांच्या मुलीला. ज्या घरात ती वाढली त्या घरच्या नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला, दिवस गेले, आणि घराण्याची अब्रू राखायला तिलाच वसाहतीत धाडण्यात आलं. चाचणीत तिचं मानसिक वय नऊ निघालं, म्हणजे मधल्या दर्जाची मोरॉन. आधीच वसाहतीत असलेली तिची आई आठच्या जरा खाली, म्हणून खालच्या दर्जाची मोरॉन. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियन. तिच्याबद्दलचा पुरावा एवढाच, की बाळ सात महिन्यांचं असताना एका समाजसेविकेला ते काहीसं वेगळं वाटलं. २ मे १९२७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी नसबंदी मान्य केली. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात या तीन पिढ्यांना 'इम्बेसाइल' म्हटलं. म्हणजे ज्या वर्गीकरणावर सगळा खटला उभा होता, त्या वर्गीकरणाचा शब्दसुद्धा त्यांनी नीट वापरला नाही. व्हिव्हियन शाळेत गेली, पहिलीत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजाराने वारली. कॅरी बक १९८३ पर्यंत जगल्या. म्हातारपणी त्या रोज वर्तमानपत्र वाचत. त्यांच्या बहिणीची तर अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगून नसबंदी करण्यात आली होती, आणि मूल का होत नाही म्हणून ती आयुष्यभर झुरत राहिली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६० हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने माफी मागितली २००२ मध्ये.

खटल्याच्या निकालानंतर एका वर्षात, १९२८ मध्ये, गोडार्ड यांनी जाहीरपणे पलटी खाल्ली. मोरॉन शिक्षणाने सुधारू शकतो, आणि त्यातल्या बहुतेकांना संस्थेत कोंडायची गरज नाही, असं त्यांनी लिहिलं. आपण शत्रुपक्षात सामील झालो, अशी कबुलीही थट्टेच्या सुरात देऊन टाकली. यासाठी त्यांना दाद द्यावी लागते. बहुतेक विद्वान असं करत नाहीत. पण त्यांचं जुनं पुस्तक जेवढं वाचलं गेलं त्याच्या शतांशानेही हा लेख वाचला गेला नाही.

शब्द तोवर वर्तमानपत्रांत, नाटकसिनेमांत आणि पोरांच्या तोंडी रुळला होता. १९४० च्या दशकात तर अमेरिकेत 'लिटल मोरॉन'च्या विनोदांची लाटच आली. मोरॉनने घड्याळ खिडकीबाहेर का फेकलं, तर त्याला वेळ कसा उडतो ते बघायचं होतं! इंग्रजीत वेळ 'उडतो', त्यावरचा हा विनोद. डॉक्टरांना आता त्या शब्दाची लाज वाटू लागली, मग नवा शब्द आला, तोही विटाळला, मग आणखी एक. हा प्रवास बघायला गोडार्ड यांच्याच संघटनेच्या पाट्या वाचाव्यात. १८७६ मध्ये स्थापना झाली तेव्हा नावात 'इडियॉटिक' आणि 'फीबल-माइंडेड' दोन्ही शब्द होते. १९०६ मध्ये इडियट गेला. १९३३ मध्ये 'मेंटल डेफिशियन्सी' आली, १९८७ मध्ये 'मेंटल रिटार्डेशन', आणि २००७ मध्ये 'बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता'. अमेरिकी केंद्र सरकारच्या कायद्यांतून 'रिटार्डेशन' हटवणारा रोझाचा कायदा २०१० मध्ये झाला. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी या प्रकाराला चालपट्टीची उपमा दिली आहे: कितीही चाला, जागा तीच.

मराठीत हीच चालपट्टी 'मतिमंद' या शब्दाखाली फिरली. तो मुळात सभ्य, संस्कृताळलेला, वेडा किंवा अर्धवट म्हणू नये म्हणून पुढे आणलेला शब्द. शाळांच्या पाट्यांवर, शासन निर्णयांत तो अनेक वर्षं दिमाखात होता. मग भांडणात 'मतिमंद आहेस का?' सुरू झालं आणि पालकांना तो बोचू लागला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' होतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते 'बौद्धिक अक्षमता' झालं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या नावातला 'मेंटली हँडिकॅप्ड'ही त्याच सुमारास गेला. मुलांना आता 'विशेष' म्हणतात, आणि शाळेच्या मैदानावर हा शब्दही कुठल्या सुरात उच्चारला जातो ते कुणीही जाऊन ऐकावं.

पट्ट्या मात्र बदलल्या तरी टिकल्या. बिने यांच्या चाचणीची कन्नड आणि मराठी आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी तयार केली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं, आणि 'बिने-कामत' हे नाव आजही बालमानसशास्त्राच्या दवाखान्यांत ऐकू येतं. व्हाइनलँडमध्ये गोडार्ड यांच्यानंतर आलेल्या एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये वेगळी दिशा घेतली. गणित आणि शब्द बाजूला ठेवून मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, एकटं दुकानात जातं का, हे विचारणारी मोजपट्टी त्यांनी बनवली. तिची भारतीय आवृत्ती नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमधल्या ए. जे. मालिन यांची. 'व्हीएसएमएस' या तिच्या नावाच्या आद्याक्षरांतला 'व्ही' म्हणजे तेच न्यू जर्सीतलं गाव.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेचं प्रमाण याच मोजपट्टीच्या गुणांवरून लावलेलं होतं. ५५ ते ६९ गुण आले तर अक्षमता ५० टक्के, ७० ते ८४ आले तर २५ टक्के. आणि बहुतेक सवलतींसाठी, आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. त्यामुळे गोडार्ड यांच्या काळापेक्षा हद्दीचा अर्थ पुरता उलटला आहे. तेव्हा रेषेच्या आत सापडला तो सुटला नाही. आता सरकारी रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या आईला मुलाचे गुण ६९ च निघावेत, ७१ निघू नयेत, असं वाटत असतं, कारण त्या दोन गुणांवर दाखला अवलंबून आहे.